मिरज स्टेशन ते मोझेलचा मळा: जर्मनी नीट बघायची असेल तर अशी ट्रिप आखा

मागच्या वर्षी सप्टेंबरात आप्पांना घेऊन जर्मनीला जाऊन आलो. तासगाव तालुक्यातली आमची द्राक्षबाग, आप्पा माळकरी, वय ६४, त्याआधी विमानात कधी बसले नव्हते. आल्यापासून गावातले, पाहुण्यातले, बेदाणा मार्केटमधले लोक विचारतायत की कसं केलं, किती दिवस लागतात, एजंट कोण, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. आठ दिवसात दहा शहरं असली टूर घेऊ नका. बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, परत बसायचं, यात जर्मनी दिसत नाही, फक्त पार्किंग दिसतं. आम्ही काय केलं, तर आपल्या गावात जे आहे ते तिकडं कुठं आहे हे आधी शोधलं. आमची द्राक्षं, म्हणून मोझेल नदीच्या खोऱ्यात सहा रात्री. आपल्याकडं बेंदूर, म्हणून आल्गॉय भागात गुरं डोंगरावरून उतरतात तो सण. तुमची हळद असेल, दूध असेल, फौंड्री असेल, तुम्ही त्या अंगानं शोधा. ज्या कामातलं आपल्याला कळतं तिथं भाषा येत नसली तरी माणसं बोलती होतात, हे मी स्वतः बघितलंय.

कधी जायचं

बागायतदार असाल तर सप्टेंबरचा पहिला ते तिसरा आठवडा. तोवर आपली फळछाटणी सुरू व्हायची असते (ज्यांची आगाप असते त्यांनी जून-जुलै बघावा), तिकडं हवा गार पण बोचरी नाही, मोझेलला द्राक्षं पिकत आलेली असतात आणि आल्गॉयला गुरं उतरायचा सणही याच महिन्यात. अजून एक कारण तिकिटाचं आहे, ते खाली येतंच. डिसेंबरात नाताळचे बाजार भरतात, ते सुंदर असतात, पण दुपारी चारलाच अंधार पडायला लागतो आणि म्हातारी माणसं थंडीनं बेजार होतात.

व्हिसा

९० दिवसांपर्यंतचा शेंगेन व्हिसा लागतो. फी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड असतं म्हणून तीन महिने आधी कामाला लागा. आम्ही पुण्याच्या सेंटरला गेलो, पहाटेच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, त्यामुळं आई-वडलांना न्यायची सोय बघूनच तारीख घ्या. पासपोर्ट मागच्या दहा वर्षात काढलेला आणि परत यायच्या तारखेनंतर तीन महिने चालू असला पाहिजे, दोन पानं कोरी. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा.

शेतकऱ्याची फाईल कशी करायची हे कुणी नीट सांगत नाही. पगाराची स्लिप नसते, शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो, मग अधिकाऱ्याला कसं कळणार की हा माणूस परत येणार? आम्ही सातबारा आणि ८अ, दोन्हीचं इंग्रजी भाषांतर, द्राक्षाच्या आणि बेदाण्याच्या विक्रीच्या पट्ट्या, बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आणि वर एक पानाचं साधं पत्र जोडलं. त्यात आप्पांची बाग किती एकर, ऑक्टोबरात फळछाटणी आहे म्हणून २० सप्टेंबरपर्यंत परत यायचंच आहे, खर्च मुलगा करणार, एवढंच. एका एजंटनं सांगितलं होतं की खात्यात आठ दिवसासाठी पैसे टाका आणि खोटं हॉटेल बुकिंग लावा, सगळेच करतात. आम्ही नाही केलं आणि तुम्हीही करू नका. एकदम आलेली मोठी रक्कम लगेच डोळ्यावर येते, आणि खऱ्या शेतकऱ्याकडं दाखवायला खरी कागदं असतात की. फ्री कॅन्सलेशनची खरी बुकिंग मिळतात, ती करा.

व्हिसा मिळाल्यावरही तिकडच्या विमानतळावर फोटो घेतात आणि बोटांचे ठसे ताडून बघतात, त्याला वेळ लागतो, म्हणून उतरल्यावर लगेचची ट्रेन बुक करू नका, दोन-तीन तास हातात ठेवा.

रूट

मिरजेतनं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथनं फ्रँकफर्टला डायरेक्ट विमान. फ्रँकफर्टला विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. परतीचं विमान म्युनिकवरनं घेतलं, म्हणजे उलटं यावं लागत नाही. मध्ये मोझेल सहा रात्री, बर्लिन तीन, आल्गॉय चार, शेवटी म्युनिक एक.

तिकिटाचं नीट समजून घ्या, इथंच पैसे वाचतात. डॉइचलांड-टिकेट म्हणून महिन्याचा पास आहे, मे २०२३ ला सुरू झाला तेव्हा ४९ युरो होता, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. यात देशभरातल्या सगळ्या लोकल आणि रिजनल ट्रेन, शहरातल्या बस, ट्राम, मेट्रो सगळं येतं, फक्त आयसीई-आयसीसारख्या फास्ट गाड्या चालत नाहीत. हा पास कॅलेंडर महिन्याचा असतो, म्हणजे २० ऑगस्टला घेतला तरी ३१ ला संपला. म्हणून अख्खी ट्रिप एका महिन्यात बसवा, आमची सगळी सप्टेंबरात होती. आणि हे सबस्क्रिप्शन आहे, त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल नाही केलं तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात, मोबाईलला अलार्म लावून ठेवा.

लांबच्या टप्प्याला, म्हणजे कोब्लेन्झ ते बर्लिन आणि बर्लिन ते म्युनिक, आयसीईची तिकिटं दोन-अडीच महिने आधी काढा, तेव्हा स्वस्त असतात. सीट रिझर्व्हेशन वेगळं घ्यावं लागतं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर घ्याच. एक मनात ठेवा, जर्मन गाड्या घड्याळासारख्या धावतात हे आपण ऐकलेलं आता तितकं खरं नाही, लांब पल्ल्याच्या गाड्या बऱ्याचदा लेट असतात. गाडी बदलायला निदान पाऊण तास ठेवा. तासाभराच्या वर उशीर झाला तर २५ टक्के, दोन तासाच्या वर झाला तर ५० टक्के पैसे परत मागता येतात, हा नियमच आहे, सोडू नका.

स्टेशनवर गेट नसतं, कुणी अडवत नाही, त्यामुळं विनातिकीट बसायचा मोह होतो काहींना. तपासनीस साध्या कपड्यात येतो, दंड ६० युरो. कागदी तिकीट असेल तर बऱ्याच ठिकाणी ते चढायच्या आधी मशीनमध्ये घालून शिक्का मारावा लागतो, नाहीतर तिकीट असून दंड.

मोझेल, इथं जास्त दिवस द्या

फ्रँकफर्टहून माइन्झमार्गे कोब्लेन्झला जाताना उजव्या हाताच्या खिडकीला बसा. ऱ्हाइन नदी सगळा वेळ त्याच बाजूला असते, बिंगेन ते कोब्लेन्झ हा ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, दर वळणाला एक किल्ला, आणि पलीकडच्या काठावर लोरेलाय नावाचा सरळसोट कडा. आप्पांनी दोन तास खिडकीवरचं डोकं काढलं नाही.

कोब्लेन्झला ऱ्हाइन आणि मोझेलचा संगम आहे, त्या टोकाला 'डॉइचेस एक', म्हणजे जर्मन कोपरा, म्हणतात. आपल्या हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम बघितलेल्या माणसाला तिथं उभं राहिल्यावर जे वाटतं ते मी सांगायला नको. दोन पाण्यांचा रंग वेगळा दिसतो का हे आप्पा बराच वेळ बघत होते.

तिथनं लोकल ट्रेन मोझेलच्या काठानं कोखेमला जाते. कोखेममध्ये राहू नका, तिथं गर्दी असते. अलीकडं-पलीकडं चार-सहा किलोमीटरवर जी छोटी गावं आहेत तिथं द्राक्षवाल्यांच्याच घरात खोल्या मिळतात. 'फेरिएनवोनुंग' असं शोधा, म्हणजे किचनसकट घर. किचन असलं की माळकरी माणसाचा प्रश्न मिटतो. भाड्याशिवाय माणशी दर रात्री थोडा गेस्ट टॅक्स असतो, तो तिथं द्यायचा.

आता मळ्याचं. मोझेलचा मळा म्हणजे डोंगराची भिंत. ब्रेम गावाजवळचा काल्मोन्ट नावाचा उतार ६५ अंशापर्यंत आहे, युरोपातला सगळ्यात चढाचा मळा म्हणून ओळखतात. जमिनीत माती कमी, निळ्या-करड्या पाटीच्या दगडाच्या चिपाच जास्त. दिवसभर तापतात आणि रात्री वेलाला ऊब देतात. आमच्या घरमालकीणबाई, सत्तरीच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला वर घेऊन गेल्या. आप्पांनी वाकून एक चीप उचलली, गालाला लावली, आणि नुसतं 'गरम आहे' म्हणाले. सकाळचे नऊ वाजले होते.

आपल्यासारखे मांडव नाहीत तिथं. जुन्या पद्धतीत प्रत्येक वेलाला स्वतःचा एक खुंट, आणि दोन काड्या वाकवून खाली बांधलेल्या, बदामाच्या आकारासारख्या. चढावर ट्रॅक्टर चालत नाही म्हणून दात्याच्या एकाच रुळावर चालणारी छोटी गाडी असते, तिच्यावर बसून माणूस आणि क्रेट वर-खाली करतात. बाई जर्मनमध्ये बोलत होत्या, आप्पा मराठीत, मी मोबाईलवर भाषांतर करत होतो, पण पानावरचा पांढरा डाग आप्पांनी बोटानं दाखवून 'भुरी' म्हणलं तेव्हा मोबाईल लागलाच नाही. बाईंनी लगेच पान उलटं करून खालची बाजू दाखवली, म्हणजे दावण्या. दोन्ही रोग तिकडंही तेच. आणि अमेरिकन मुळावर कलम करायचं, आपण डॉगरिजच्या मुळावर करतो तसं, तेही तिकडं शंभर वर्षांहून जुनं, मूळ खाणाऱ्या किडीनं सगळ्या युरोपातल्या बागा गेल्या तेव्हापासून. फरक एवढाच की थंडीत तिथला वेल झोपतो, म्हणून वर्षात एकच छाटणी. आपण एका पिकासाठी दोनदा छाटतो हे ऐकून त्या बाई पायरीवर बसल्याच.

संध्याकाळी 'श्ट्राउसविर्टशाफ्ट' शोधा. द्राक्षवाला आपल्याच अंगणात वर्षातले जास्तीत जास्त चार महिने, जास्तीत जास्त चाळीस खुर्च्या मांडून स्वतःचीच वाइन आणि साधं खाणं विकतो. दाराला पाल्याची जुडी टांगलेली दिसली की समजायचं चालू आहे. वाइन घेत नसाल तर 'ट्राउबेनझाफ्ट' मागा, द्राक्षाचा रस, आप्पांनी रोज तोच घेतला. कुणी आग्रह करत नाही, कुणी विचारतही नाही.

आणि कोखेममध्ये नदीकाठच्या घरांच्या भिंती बघा. पुराच्या रेघा कोरलेल्या असतात, शेजारी साल, १७८४, १९९३. सांगलीकराला दुसरं काही समजावायला लागत नाही. आयर्विन पुलाखाली पाणी चाळीस फूट झालं का पंचेचाळीस झालं ह्यावर आपण रात्ररात्र जागलोय. जवळच्याच आर नदीच्या खोऱ्यात जुलै २०२१ मध्ये एका रात्रीत पूर आला आणि १३० च्या वर माणसं गेली. त्याच महिन्यात आपल्याकडंही कृष्णा चढली होती. मी मोबाईलवर २०१९ च्या पुरातले सांगलीच्या गावभागाचे फोटो दाखवले तेव्हा घरमालकीणबाई काही बोलल्या नाहीत, फक्त आप्पांचा हात धरला थोडा वेळ.

खाण्यापिण्याचं

नेताना एक लक्षात ठेवा, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून न्यायला बंदी आहे. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे नाहीत, तूप नाही, खवा नाही. ताजी द्राक्षं-आंबेही नाहीत. आम्ही सीलबंद पाकिटातले बेदाणे, भडंग, शेंगदाण्याची चटणी, आणि मेतकूट नेलं, काही अडचण आली नाही. बेदाण्याचं पाकीट घरमालकाला भेट द्यायला उत्तम, लांबट हिरवा बेदाणा त्यांनी बघितलेला नसतो.

शाकाहारी असाल तर दोन वाक्यं पाठ करा, 'ओहने फ्लाइश' आणि 'ओहने फिश', मांस नको, मासा नको. 'श्पेक' शब्द दिसला तर ते डुकराचं मांस, बटाट्यात, कांद्याच्या केकमध्ये, सॅलडमध्ये कुठंही असतं, विचारूनच घ्या. केझेश्पेत्सले (चीजमधले शेवयांसारखे जाड तुकडे, वर तळलेला कांदा), बटाट्याचे कार्टोफेलपुफर सफरचंदाच्या गराबरोबर, ब्रेत्सेल, हे पोटभरीचं. पाव मात्र मनापासून खा, त्यांच्याकडं पावाच्या ३,००० च्या वर जातींची नोंद आहे, आणि बेकरीत सकाळी सातला ताजा मिळतो. रात्री बऱ्याच घरात गरम जेवण नसतंच, पाव-चीज-काकडी असं थंड जेवतात. गावातल्या हॉटेलचं किचन आठ-साडेआठला बंद होतं, नऊला जाऊन उपयोग नाही.

पाणी मागितलं की बुडबुड्यांचं येतं, 'श्टिल' म्हणा. नळाचं पाणी पिता येतं, बाटली भरून घ्या. विकतच्या बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटल्या-कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, 'प्फांड' म्हणतात, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये रिकामी टाकली की पावती मिळते, ती काउंटरला द्यायची. रोज चार बाटल्या म्हणजे एक युरो, फेकू नका.

रविवारी दुकानं बंद. जवळजवळ सगळी. सुपरमार्केटसुद्धा. मोठ्या रेल्वे स्टेशनवरची तेवढी उघडी असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळीच दूध-पाव-भाजी आणून ठेवा. पब्लिक टॉयलेटला पैसे लागतात, एक-दोन युरोची नाणी कायम खिशात ठेवा. गावात कार्ड चालेलच असं नाही, कॅश जवळ असू द्या.

वागणं-बोलणं

मराठी माणसाला एक गोष्ट लगेच कळते, 'झी' म्हणजे अहो-जाहो आणि 'डू' म्हणजे अरे-तुरे. अनोळखी माणसाला झीच. दुकानात शिरताना 'गुटेन टाग', निघताना 'च्यूस' म्हणायचं, न बोलता शिरणं त्यांना खटकतं. दक्षिणेला 'ग्र्यूस गॉट', उत्तरेला 'मॉइन'. वेळ सांगताना 'हाल्ब त्सेन' म्हणजे शब्दशः अर्धे दहा, पण ते आपले साडेनऊ, साडेदहा नाही, यात लोकांच्या गाड्या चुकतात.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, व्हिडिओ कॉल स्पीकरवर नको. रस्त्यावर गाडी नसली तरी लाल दिव्याला थांबा, लहान पोरं बघत असतात आणि मोठे त्यांच्यासाठी थांबतात. सायकलच्या पट्ट्यावरून चालू नका.

शहरं, थोडक्यात

बर्लिनला जाताना कोलोनला गाडी बदलावी लागते, तिथं दोन तास काढा. कॅथेड्रल स्टेशनच्या दारातच आहे, बॅगा लॉकरमध्ये टाकायच्या. १२४८ ला सुरू करून १८८० ला पूर्ण झालं, उंची १५७ मीटर.

बर्लिनमध्ये राइशटागच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या इमारतीच्या, काचेच्या घुमटात जायला पैसे नाहीत पण आधी ऑनलाइन नावं नोंदवावी लागतात, जाताना पासपोर्ट न्या. शहराचे दोन भाग करणारी जुनी भिंत बघायला बहुतेक जण ईस्ट साइड गॅलरीला जातात, चित्रं चांगली आहेत, पण भिंत म्हणजे काय होतं हे बेर्नाउअर श्ट्रासेला कळतं, तिथं मधली मोकळी पट्टी तशीच ठेवलीय. पेर्गामोन म्युझियम ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीला बंद आहे, जाण्याआधी चेक करा.

आणि चालताना खाली बघा. फरशीत दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले असतात, 'इथं राहत होते' असं लिहून नाव, जन्मसाल, कुठं नेलं, कुठं मारलं. नाझींनी ज्यांना घरातनं उचलून नेलं त्यांच्या त्यांच्या दारासमोर. मी शेजारशेजारचे तीन वाचून दाखवले, आई-वडील आणि चार वर्षांची मुलगी. आप्पांनी पायातले बूट काढले आणि बाजूनं गेले. तिथं कुणी काढत नाही, पण मला ते बरोबर वाटलं.

मिरजेच्या लोकांसाठी वेगळं सांगतो. माझ्या मित्राच्या घरात तंबोऱ्याचं काम, तो एकटा लाइपझिगहून प्लाउएनमार्गे मार्कनॉयकिर्खेनला जाऊन आला. सॅक्सनीतलं छोटं गाव, १६७७ मध्ये तिथं व्हायोलिन बनवणाऱ्यांचा संघ स्थापन झाला, आजही गल्लोगल्ली वाद्यं बनतात, म्युझियममध्ये जगभरातली वाद्यं आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याचं कात्रण त्यानं नेलं होतं. एका कारागिरानं त्याला अर्धा दिवस बाकावर बसवून घेतलं. भोपळा कसा वाळवता, एवढंच तो परत परत विचारत होता म्हणे.

आल्गॉय

शेवटचे चार दिवस दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याला, सोन्थोफेनच्या आसपास राहा. उन्हाळाभर गुरं डोंगरावरच्या कुरणात असतात, सप्टेंबरच्या मध्याला खाली आणतात, त्याला 'फीशाइड' म्हणतात. प्रत्येक गावाची तारीख वेगळी असते, आधी बघून त्याप्रमाणे बुकिंग करा, आणि त्या दिवशी सकाळी सातलाच रस्त्याकडेला उभं राहा. आधी घंटा ऐकू येतात, एवढ्या की बोललेलं कळत नाही, मग धुक्यातनं गुरं येतात. सगळ्यात पुढं फुलांचा मुकुट घातलेली एकच गाय. वर उन्हाळ्यात एकही जनावर दगावलं नसेल तरच तो मुकुट घालतात. आमच्यासमोरून पहिला कळप गेला त्यात मुकुट नव्हता, गुराखी मान खाली घालून चालला होता, कडेची माणसं गप्प झाली. बेंदराला हुरमुंज लावताना आमच्या घरात गेलेल्या बैलाची आठवण निघते, आप्पांना तेच आठवलं.

परत येताना

एका दुकानात ५० युरोच्या वर खरेदी असेल तर टॅक्स परत मिळतो, फॉर्म दुकानातच मागा आणि म्युनिकला बॅग चेक-इन करायच्या आधी कस्टमचा शिक्का घ्या, वस्तू दाखवावी लागते. वेलाची काडी, बी, रोप काही आणू नका, परमिट आणि रोगमुक्तीच्या सर्टिफिकेटशिवाय भारतात चालत नाही. घरमालकीणबाईंनी आप्पांना रीसलिंग जातीच्या द्राक्षाची एक काडी कापून दिली होती, ती त्यांनी निघायच्या दिवशी सकाळी वर जाऊन त्याच वेलाच्या बुडाशी ठेवली. त्याऐवजी कोखेमच्या हार्डवेअरच्या दुकानातनं छाटणीची कात्री घेतली. कात्री चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिनच्या नाही, तिथं काढून घेतात. ऑक्टोबरात पहिल्या ओळीची छाटणी आप्पांनी त्याच कात्रीनं केली.